लाल फुलीची तबकडी

३ जून

वन्संना सप्रेम नमस्कार.

मायना आखूड ठेवला आहे, रागावू नका. सौ. लिहावं की नुसतं नाव लिहावं, वयाने तुम्ही मोठ्या की मी, यातलं काहीच मला ठाऊक नाही. मी तुमची वहिनी. तुम्ही घर सोडलंत त्यानंतर काही वर्षांनी मी या घरात आले, त्यामुळे आपण एकमेकींना कधी पाहिलेलं नाही. तुमचा फोटोही घरात नाही.

पत्ता कुठून मिळाला म्हणाल तर सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही दोन ओळी पाठवल्या होत्या. त्या पाकिटाची आतली बाजू कोरी होती, म्हणून मी ते उसवून उलटं केलं आणि दुधाचा हिशेब लिहायला घेतलं. तेवढ्यामुळे ते राहिलं. तुम्ही अजून तिथेच असाल तर देवाची कृपा. नसाल तर ज्यांच्या हाती हे पडेल त्यांनी पुढे पाठवावं.

आता कामाचं. मला एका गाण्याची चाल कुणाची ते हवं आहे. घरात गाण्याचं अंग तुमच्याशिवाय कुणाला नव्हतं असं ऐकून आहे, म्हणून तुम्हाला विचारते. चाल कागदावर कशी लिहितात ते मला येत नाही. सुरुवात बोलल्यासारखी आहे, कुणी विचार करत करत जिना उतरावा तशी. मग एक सूर वर जातो आणि खाली यायचं विसरतो. इंग्रजी बाजाची असावी.

माहीत असेल तर एक कार्ड टाका. कार्ड सोबत जोडलं आहे, पत्ता घालून.

हे बरे आहेत.

तुमची,
वहिनी

२१ जून

वन्संना नमस्कार.

कार्ड आलं नाही. टपालाचा दोष असेल असं धरून चालते.

मागच्या पत्रात ‘हे बरे आहेत’ असं हात सवयीने लिहून गेला. हे बरे नाहीत. थंडीत यांना झटका आला. पाय बराचसा परत आला, हातही आला, बोलणं आलं नाही. समजतं सगळं. आमटीत मीठ कमी असलं की वाटी पुढे सरकवतात आणि भुवई उडवतात, म्हणजे स्वभाव शाबूत आहे. पण शब्द नाही. तोंड उघडतात, ओठ जुळवतात आणि मग माझ्याकडे असे बघतात की मीच घाईने काहीतरी विषय काढते. लिहिणंही गेलं. पेन धरतात आणि कागदाकडे बघत बसतात. ‘हो’ला मान खाली, ‘नाही’ला आडवी, एवढ्यावर आमचा संसार चालू आहे.

मी दिवा लावते तेव्हा हे मागे येऊन बसतात. एका संध्याकाळी मी माझं पुटपुटत होते आणि मागून सूर आला. आधी वाटलं रस्त्यावरून कुणी जातंय. मग कळलं की हे आहेत. मी हातातलं स्तोत्र अर्ध्यात टाकून वळले, जे मी आयुष्यात कधी केलेलं नाही. देव समजून घेईल. त्याचंच काम चाललं होतं.

बोलणं शिकवायला एक बाई घरी येतात. त्या म्हणाल्या, “आजी, बोलणं डोक्यात एका खोलीत असतं आणि गाणं दुसऱ्या खोलीत. यांची एक खोली बंद झालीये. दुसरीतलं सामान जागच्या जागी आहे.”

मी विचारलं, “मग त्या खोलीतून शब्द बाहेर काढता येतील?”

“कधी कधी येतात. पण गाणं त्यांचं पाहिजे. तुमचं नव्हे, माझं नव्हे. आणि लवकर पाहिजे. जितके महिने जातील तितकं ते दार जड होत जातं.”

म्हणून तर माझी घाई.

त्या बाईंनी चाल ओळखली. फार जुनं जॅझ गाणं आहे म्हणे, जगभर शेकडो लोकांनी गायलेलं. नाव त्यांनी मला लिहून दिलं आहे, पण मॅट्रिकला माझं इंग्रजी काठावर सुटलं होतं, चुकीचं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं. त्यांनी फोनवर एकेक लावायला सुरुवात केली. वन्सं, मी थक्क झाले. एक बाई ते असं म्हणते की जणू दार आतून लावून घेतलंय. एक पुरुष हसत हसत म्हणतो. एकाने तर शब्दच टाकून दिलेत, त्याचं पितळी वाद्य त्या जागी बोलतं, आणि तरी काय म्हणायचंय ते कळतं. एवढी माणसं एकाच गाण्यात आत जाऊन येतात आणि प्रत्येकाला आत वेगळं काही सापडतं. मी जन्मभर रोज एकच नाम घेत आले, त्यामुळे मला याचं नवल वाटायला नको होतं. वाटलं.

पण हे प्रत्येकाला मान आडवी हलवतात. तीही गाणारा तोंड उघडतो त्याच्या आधीच. बाई म्हणाल्या, “आजोबांना नक्की कुठलं हवंय ते त्यांनाच ठाऊक.” त्यांनाच ठाऊक आहे, हेच तर अवघड आहे.

तुमची,
वहिनी

ता. क. हे पाकीट उलटून पुन्हा चिकटवलेलं आहे, मनावर घेऊ नका.

९ जुलै

वन्संना नमस्कार.

तुमचं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण आता मला थोडं कळलं आहे आणि ते तुम्हाला न सांगणं बरोबर नाही.

बाजारामागच्या गल्लीत जुन्या रेकॉर्डी विकणारा एक गृहस्थ आहे. पोट सुटलेला, चष्मा कपाळावर, आणि दुकानात शिरायचं तर कडेकडेने शिरावं लागतं. मी रोज जाऊन ऐकत बसते आणि काही घेत नाही. तिसऱ्या खेपेला म्हणाला, “बाई, तुम्ही गिऱ्हाईक नाही, तुम्ही परीक्षा आहात.” पण खुर्ची पुसून दिली.

मी त्याला चाल म्हणून दाखवली. हसू नका. मी आरतीशिवाय काही म्हटलेलं नाही, पण यांच्याकडून ऐकून ऐकून पाठ झाली होती. तो चष्मा डोळ्यांवर घेऊन बघत राहिला. म्हणाला, “हा भाग तुम्हाला कसा माहीत? गाण्याच्या आधी एक छोटी प्रस्तावना आहे याला. लिहिणाऱ्याने लिहिली, पण गाणारे सगळे ती गाळतात. सरळ मुखड्यापासून धरतात.”

तेव्हा उलगडा झाला. हे ज्याची वाट बघत होते ते सुरूच होत नव्हतं.

प्रस्तावनेसकट गायलेल्या दोन-तीन रेकॉर्डी त्याच्याकडे निघाल्या. त्या फोनवर घेऊन घरी लावल्या. हे एकदम सरसावून बसले. ऐकत राहिले. मग मान आडवी.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने डोकं खाजवत सांगितलं की तो तरुण असताना बंदरापाशी हॉटेलात एक मुलगी ते गाणं प्रस्तावनेसकट गायची. प्रस्तावनेला बँड गप्प. ती एकटी, साथीला काही नाही. गिऱ्हाइकांचे काटेचमचे थांबत. “तिची एक तबकडी कापली होती, म्हणजे ती गात असताना मशीनच्या सुईने गाणं थेट तबकडीत कोरलं होतं, असं ऐकत आलोय,” तो म्हणाला. “एकच. कापणारा तिचा भाऊ होता म्हणे. आमच्या धंद्यातले लोक अजून तिच्याबद्दल बोलतात, पण पाहिलेली कुणी नाही.”

वन्सं, हे लग्नाआधी ‘कुठल्याशा मशीनवर’ कामाला होते एवढंच मला माहीत होतं. नंतर जन्मभर वीज कचेरीत. मी घरी आले, चपला तशाच, आणि विचारलं, “ठमीचं गाणं का?” सासूबाई शेवटच्या दिवसांत मला ठमी म्हणून हाक मारायच्या, तेवढ्यावरून तुमचं नाव मला ठाऊक होतं.

मान खाली. मग किती वेळ ती खालीच.

सासूबाईंनी एकदाच सांगितलं होतं. तुम्ही बाहेर गाता हे कळल्यावर मामंजींनी तबकडी मागवली, अंगणात यांच्या हातात दिली आणि म्हणाले, मोड. तुमच्यासमोर. यांनी ती गुडघ्यावर दुमडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचं अंथरूण रिकामं होतं.

मी म्हटलं, “पण ती तुम्ही मोडलीत ना?”

मान आडवी. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा आडवी.

“मग आहे कुठे?”

त्यांनी डाव्या हाताने हवेत फुली काढली. मला वाटलं, विषय बंद कर म्हणतात. मी ताट घ्यायला उठले, तर माझा पदर धरून परत फुली काढली. मला कळलं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात यांचं मला कळलं नाही असं फार थोडं आहे, त्यात हे एक.

तुम्हाला त्यांनी तेव्हाच का सांगितलं नाही, ते मी विचारू शकते, पण ते सांगू शकत नाहीत. मोडली नाही, एवढं मात्र मी पाहिलं. ते तुम्हाला कळावं म्हणून आजच्या आज पत्र टाकते.

तुमची,
वहिनी

२६ जुलै

वन्संना नमस्कार.

तुमची तबकडी सापडली.

श्वास घेते आणि क्रमाने सांगते. हे ज्या कारखान्यात तबकड्या कापायचे तो कुठे होता ते दुकानदाराने मला सांगितलं. तिथे आता तसबिरींना चौकटी करून देतात. जुन्या मालकाची मुलगीच चालवते, माझ्याच वयाची, हातभर बांगड्यांऐवजी हातभर भुसा. मी सगळी हकिगत सांगितली. ती करवत खाली न ठेवता ऐकत होती.

म्हणाली, “दादा? तो उंच, गप्प? तोंडात लाल पेन्सिल धरून काम करायचा तो?”

मी म्हटलं, “उंच होते. आता वाकलेत. गप्प आहेतच.”

तिने करवत ठेवली.

मी विचारलं की जुन्या तबकड्यांचं काय झालं. ती हसली. “चांगल्या होत्या त्या ज्यांच्या त्यांनी नेल्या. पण आमच्या बाबांनी आयुष्यात काही टाकलं नाही. आईने माहेरी जायची धमकी दिली तरी नाही. तेव्हा वाया गेलेल्या सगळ्या माळ्यावर आहेत. बाबा म्हणायचे, आतलं ॲल्युमिनियम कधीतरी उपयोगी पडेल. ते गेले, ॲल्युमिनियम वरच.”

“वाया गेलेल्या कशा ओळखायच्या?”

“सोपं आहे. कापताना चूक झाली की पाकिटावर लाल पेन्सिलीने फुली मारायची आणि ढिगात टाकायची. फुलीवालीला कुणी हात लावत नसे. मालकाची वस्तू नाही, गिऱ्हाइकाची नाही, कुणाचीच नाही.”

वन्सं, यांनी हवेत काढलेली फुली मला तेव्हा कळली. दोघींच्या मनात एकदमच आलं असावं. ती शिडी लावायला धावली आणि मी पदर खोचला.

माळ्यावर इतकी धूळ की एरवी मी तिथे पाऊलसुद्धा ठेवलं नसतं. एकेक पाकीट काढायचं, फुंकायचं, खाली द्यायचं. सगळ्यांवर फुली. फुलीखाली काही ना काही लिहिलेलं, ‘दोरा अडकला’, ‘लाइट गेली’, ‘गायक शिंकला’. एकावर फुली होती आणि कारणाच्या जागी कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘ठमी’.

अक्षर यांचं. मी ते अक्षर चाळीसएक वर्षं वीजबिलांवर पाहिलंय.

म्हणजे मामंजींसमोर दुमडली ती दुसरीच, एखादी खरी वाया गेलेली. आणि तुमची चांगली तबकडी यांनी अशा ठिकाणी ठेवली की जिथे तिला वाया गेलेली समजून कुणी हात लावणार नाही. मला हे सुचलं नसतं. मी देवघरात लपवली असती आणि पहिल्याच झाडलोटीत सापडले असते.

चौकटवालीने एक पैसा घेतला नाही. म्हणाली, “बाबांच्या वतीने एक वस्तू टाकून दिली असं धर.”

उद्या दुकानात नेते.

तुमची,
वहिनी

२ ऑगस्ट

वन्संना नमस्कार.

हे पत्र लिहायला हात उचलत नाही.

दुकानदाराने तबकडी पाहताच आधी हात धुतले. मला ते आवडलं. मग ती उजेडात तिरकी धरली. वरच्या काळ्या लेपावर पांढरी भुकटी आली होती, शिळ्या चॉकलेटवर येते तशी. त्याने ती मऊ फडक्याने पुसून काढायला एक अख्खी दुपार घातली. म्हणाला, “या तबकड्या मऊ असतात, बाई. बाजारातल्यासारख्या छापलेल्या नाहीत. सुई जितक्यांदा फिरेल तितक्यांदा आवाज झिजतो. ही तर इतकी जुनी आहे की एकदा धड वाजली तर नशीब. म्हणून पहिल्यांदा वाजेल तेव्हाच मशीनवर उतरवून घेऊ.”

मशीन लावलं. सुई कडेला ठेवली. खरखर झाली, आणि त्यात एक शब्द. पुरुषाचा आवाज. “थांब.” आणि सुई घसरून बाहेर.

त्याने पुन्हा ठेवायला हात पुढे केला आणि आखडता घेतला. “एकाच शब्दानंतर बाहेर फेकतेय,” म्हणाला. “खाच गेलेली दिसते. आणखी जोर केला तर असेल नसेल तेही जाईल. फुली खरीच असावी, बाई.” त्याचा चेहरा माझ्याहून उतरला होता. हे गाणं त्यानेही जन्मभर शोधलं होतं, फक्त मला सांगितलं नव्हतं.

त्याला वाटलं मी निराश झाले. तुम्हाला खरं सांगते. तो आवाज यांचा होता.

आज सात-आठ महिने मी तो आवाज ऐकलेला नाही. आणि हा तर माझ्या ओळखीच्याही आधीचा. मी बोहल्यावर जो ऐकला त्याच्याहून कोवळा. ज्या दिवशी ते हा शब्द बोलले त्या दिवशी मी कुठेतरी परकर सावरत शाळेत जात असेन, आणि तो शब्द एका माळ्यावर धुळीत माझ्यासाठी बसून राहिला. मी देवाकडे यांचा एक शब्द मागितला होता. अगदी मोजून एक मिळाला. देव हिशेबाला माझ्याहून पक्का आहे.

पण एका शब्दाने दार उघडत नाही, असं बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. गाणं लागेल. आणि गाणं नाही.

तबकडी घरी आणली आहे. यांना अजून दाखवलेली नाही. दाखवून काय सांगू?

तुम्ही पत्रं वाचत असाल किंवा नसाल. हे शेवटचं. तुम्हाला त्रास देण्याचा हेतू नव्हता.

तुमची,
वहिनी

(हे कार्ड ११ ऑगस्टला आलं. मी पहिल्या पत्रात जोडलेलं तेच.)

वहिनी,

सुई आतून ठेवायला सांगा. अगदी मधे, लेबलाला लागून. दादा आतून बाहेर कापत असे. कापताना लेपाचा जो दोरा निघतो तो मग मधेच गोळा होतो, सुईच्या वाटेत येत नाही. मालक बाहेरून कापायचे आणि दोरा अडकून निम्म्या वाया घालवायचे. दादाची एकही गेली नाही. मला वाटत होतं माझी तरी गेली.

काय होतं ते कळवा. मी तुमच्याहून मोठी असेन नसेन. अहोजाहो नको.

ठमी

१७ ऑगस्ट

ठमे,

तू नको म्हणालीस म्हणून तू म्हणते. जीभ अडखळते आहे, लेखणी अडखळत नाही.

कार्ड घेऊन मी तशीच दुकानात गेले. दुकानदाराने वाचलं आणि कपाळावर हात मारला, म्हणजे चष्म्यावर. “रेडिओच्या मोठ्या तबकड्या अशा असायच्या, ऐकलंय मी,” म्हणाला. “हातात आली तेव्हा बुद्धी कुठे गेली होती कोण जाणे.” मग लगेच मशीनकडे वळला. मी म्हटलं, “थांबा. एकदाच वाजणार असेल तर हे इथे बसलेले असतील तेव्हा वाजेल.”

“त्यांना जिना उतरवणार कसे?”

“तुम्ही वर या आणि धरा,” मी म्हटलं. “परीक्षा घेणाऱ्याचं ऐकावं.”

झटक्यानंतर हे घराबाहेर पडले नव्हते. मी इस्त्रीचा सदरा काढला तेव्हा इस्पितळात न्यायची तयारी वाटून त्यांनी मान आडवी केली. मग मी तबकडीचं पाकीट समोर धरलं. फुली दिसली. आधी बोट फुलीवर फिरलं, मग कोपऱ्यातल्या नावावर. मग सदऱ्यासाठी हात पुढे केला. बटणं मी लावली. दुकानदार आणि मी, दोघांनी मिळून एकेक पायरी त्यांना आडवं आडवं उतरवलं. शेजारीण दारातून म्हणाली, “कुठे निघालात एवढ्या थाटात?” मी म्हटलं, “नणदेकडे.” तोंडातून गेलं खरं.

दुकानाचं दार लावून घेतलं. यांना खुर्चीत बसवलं. दुकानदाराने सुई लेबलाशी नेली, आणि यांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांनी स्वतः वाकून पाहिलं, त्याच्या मनगटाला किंचित धक्का देऊन सुई केसभर आत सरकवली, आणि मान खाली केली. चालू कर.

मी आजवर जेवढ्या तबकड्या पाहिल्या त्यांत सुई आत आत जाते. ही बाहेर यायला निघाली.

आणि तू गायला लागलीस.

मला गाण्यातलं कळत नाही, ठमे, त्यामुळे माझ्याकडून कौतुक म्हणून घेऊ नकोस, साक्ष म्हणून घे. तुझा आवाज गोड नाही. नुकताच रंधा मारलेल्या फळीसारखा आहे, हात फिरवला तर गुळगुळीत लागेल आणि तरी रेघा दिसतात. आजूबाजूला काही नाही, पेटी नाही, ढोल नाही, नुसती तू, जिना उतरत येतेस. मी श्वास सोडायला घाबरत होते, न जाणो तो पन्नास वर्षांपूर्वीच्या खोलीत ऐकू जाईल. माझ्या मनात आलं की मी रोज हात जोडते ते हेच ऐकू यावं म्हणून जोडत असेन, मला फक्त नाव ठाऊक नव्हतं.

तू दुसऱ्या ओळीवर होतीस तेव्हा मला दुसरा आवाज ऐकू आला. मी तबकडीकडेच बघत राहिले, वाटलं तोही तिच्यातलाच. दुकानदाराने माझ्या खांद्याला हात लावला.

हे गात होते. शब्दांसकट. इंग्रजी शब्द, एकामागून एक, न अडखळता, तुझ्या पावलावर पाऊल ठेवून. माझं मॅट्रिकचं इंग्रजी असलं तरी शब्द आणि नुसता आवाज यांतला फरक मला कळतो. ज्यांना सकाळी ‘पाणी’ म्हणता आलं नव्हतं ते हे. डोळे मिटलेले, डावा हात हवेत हळूहळू गोल फिरवत होते, जणू कुंचल्याने काही बाजूला सारतायत. तो दोरा असेल, आत्ता लिहिताना सुचलं. मग पियानो आला, बँड आला, तू त्या उंच सुरावर गेलीस आणि खाली यायचं विसरलीस, आणि हे तुझ्याबरोबर वर गेले. आवाज फाटला. तरी गेले.

गाणं संपलं. सुई कडेपर्यंत आली होती. खरखर चालू होती. आणि तू बोललीस. गाण्यातली नव्हे, घरातली तू, धापा टाकत, हसू दाबत:

“दादा, कसं झालं?”

आणि तो कोवळा आवाज, घाईत: “थांब.”

कारण मशीन अजून कापत होतं, हे मला दुकानदाराने नंतर समजावलं. कापणारी सुई उचलेपर्यंत कुणी बोलायचं नसतं. तुला राहवलं नाही. सुई बाहेर पडली.

तेव्हा हे बोलले. चालीत नाही, साधं. एकेक अक्षर दगड उचलल्यासारखं उचलून.

“छान.” मग थांबून, “छान झालं, ठमे.”

दुकानदार पाठ फिरवून एक स्वच्छ रेकॉर्ड पुसत बसला. मी काय केलं ते आठवत नाही. देवाचं नाव घेतलं असेन, तोंडाला तेवढंच वळण आहे. त्या दिवशी तू विचारलंस त्याचं उत्तर तुला तेव्हा मिळालं होतं की नाही ते मला माहीत नाही. तबकडीवर नाही. म्हणून मी कळवते आहे, यांच्या शब्दांत, माझं काही न घालता.

सगळं एकदम सुधारलं असं समजू नकोस, मी पुन्हा सवयीचं लिहिणार नाही. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणतात, दार किलकिलं झालंय, आता रोज ढकलायचं. तबकडीला पुन्हा सुई लावायची नाही. जे उतरवून घेतलं ते रोज सकाळी लावतो. हे तुझ्या गाण्याच्या चालीत पाणी मागतात, मीठ मागतात, काल माझ्या नावाने हाक मारली तीही त्याच चालीत. चाळीस वर्षांत मला कुणी गाऊन हाक मारली नव्हती. भाजी करपली.

आता तू ये. ते तोंडाने म्हणाले नाहीत, पण दुकानातून आल्यापासून दारासमोरची खुर्ची सोडत नाहीत आणि कुणाची पावलं वाजली की मान वर होते. पावसाळा संपेपर्यंत थांबू नकोस. गाडी कळव, स्टेशनवर मी येईन. ओळखायला फोटो पाठवू नकोस, उगाच खर्च. मी दाराजवळ उभी असेन. तू गर्दीतून कुठूनही मला नुसती एक हाक मार.

मी आवाजावरून ओळखीन.

तुझी,
वहिनी